माहुलच्या खाडीतील रोहित पक्षी
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून या प्रकारच्या व्यासपीठांवर स्वराज्य, समाजसुधारणा, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय चालत आले आहेत. त्यांच्या पंक्तीला चिखलात उलटी चोच घालून उभ्या राहणाऱ्या एका पक्ष्याला बसविण्याचे धाडस चालकांनी केले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. शिवाय हा मोसमही योग्य आहे. वसंतात आपण व्याख्याने ऐकतो त्याच दिवसांत माहुलच्या खाडीत या पाहुण्यांची गर्दी भरात असते, आणि पावसाची चाहूल लागली की आपला मांडव व त्यांचा मुक्काम बरोबरच उठतो.

विषय ठरविताना मला आणखी एक सूचना आली होती. कोणी म्हणाले, पेंग्विनांवर बोला, मुलांना आवडेल. सूचना गैर नव्हती. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली सोल शहरातून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले आणि २०१७ पासून ते लोकांना पाहावयास मिळू लागले. काचेपलीकडे थंड हवा, थंड पाणी, वेळच्या वेळी मासळी. आणि काचेअलीकडे घामाघूम झालेला मुंबईकर. मला त्या पक्ष्यांचे वैर नाही. परंतु हंबोल्ट पेंग्विन हा मूळचा पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचा. त्याचे खरे जीवन तेथल्या थंड प्रवाहाशी, तेथल्या मासळीशी, तेथल्या खडकांतल्या बिळांशी बांधलेले आहे. ते सोडून आणलेला पक्षी आपण पाहतो तेव्हा त्याची आकृती पाहतो, त्याचा संसार पाहत नाही. मोकळ्या पक्ष्यांचा मोठा समुदाय आपल्या मर्जीने कसा उठतो, कसा बसतो, कशाला भितो, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने तिकीट काढण्याचे कारण नाही. त्याने चेंबूरहून माहुलगावाकडे यावे.

आता माहुल म्हणजे काय, हे या सभेतील काहींना सांगावयास नको. त्यांचा जन्मच तेथला. इतरांसाठी दोन शब्द सांगतो. कुर्ला तालुक्यातले, खाडीच्या तोंडाशी वसलेले हे कोळ्यांचे जुने गाव. पूर्वेस तुर्भ्याची टेकडी आणि पलीकडे ठाण्याची खाडी, पश्चिमेस खाडीचा फाटा ओलांडून शिवडीचा किल्ला. १९५४ आणि १९५५ साली या गावाच्या शेजारी दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. पुढे त्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी ओळखले जातात. १९५६ साली टाटांचे वीजकेंद्र आले, १९६५ साली खताचा कारखाना आला. देशाला तेल, वीज आणि खत पाहिजे होते, ते येथून मिळाले. माहुलला काय मिळाले ते माहुलची हवा सांगते. पण त्याकडे मी नंतर येईन.

माहुल आणि शिवडी यांच्यामध्ये ओहोटीला जो चिखल उघडा पडतो तो आपल्या दृष्टीने पडीक. त्यात पीक नाही, वाट नाही, पोहता येत नाही, बांधता येत नाही. १९९४ च्या सुमारास पक्षीनिरीक्षकांच्या नजरेस आले की या चिखलात हजारो रोहित पक्षी उतरत आहेत. त्यापूर्वी मुंबईच्या परिसरात रोहित अगदीच दिसत नसे असे नाही, पण असा मेळा कोणी पाहिला नव्हता. पुढे ही संख्या वाढत गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेने ठाणे खाडीतील पक्ष्यांची जी पद्धतशीर मोजणी अलीकडच्या वर्षांत केली, तीत काही मोसमांत ही संख्या लाखाच्या वर गेलेली आढळली. एका महानगराच्या पोटात, कारखान्यांच्या धुराड्यांखाली, लाखभर मोठे पक्षी! जगात असे दृश्य फार ठिकाणी नाही.

या पक्ष्याला आपल्याकडे रोहित म्हणतात, अग्निपंख असेही म्हणतात. दुसरे नाव पक्षी उडाल्याशिवाय पटत नाही. चिखलात चालताना तो फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा दिसतो; पंख उघडले की आतला लालभडक रंग आणि काळी किनार एकदम दिसते. आपल्याकडे त्याच्या दोन जाती येतात. मोठा रोहित चांगला चार फुटांहून उंच, चोच गुलाबी, टोक काळे. लहान रोहित तीन फुटांच्या आतबाहेर, रंगाने अधिक गडद, चोच काळपट तांबडी. माहुल-शिवडीला जो लोंढा असतो तो मुख्यतः लहान रोहितांचा. मोठा रोहित पाहावयाचा तर उजनी धरणाच्या पाण्यावर भिगवणलाही पाहता येतो. लहानाचे असे समुदाय मात्र महाराष्ट्रात या खाडीतच.

रंगाविषयी लोकांच्या मनात बरेच कुतूहल असते. हा रंग पक्ष्याच्या अंगचा नव्हे, तो पोटातून येतो. खाडीच्या उथळ पाण्यात आणि ओल्या चिखलावर निळे-हिरवे सूक्ष्म शेवाळ वाढते. त्यात गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीची द्रव्ये असतात. लहान रोहित हे शेवाळ खातो. मोठा रोहित त्याच शेवाळावर पोसलेले बारीक झिंगे, किडे, शिंपल्यांतले जीव खातो. ते द्रव्य पिसांत उतरते. पिल्लू जन्मते ते राखी रंगाचे, आणि गुलाबी होण्यास त्याला काही वर्षे लागतात. माहुलच्या थव्यात मळकट राखी पक्षी दिसले तर ते आजारी समजू नका. ती पोरे आहेत.

खाण्याची त्याची रीतही वेगळीच. तो मान खाली घालतो, डोके पायांकडे वळवितो आणि चोच उलटी करून पाण्यात धरतो. वरची चोच खाली, खालची वर! जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढले जाते आणि बाहेर फेकले जाते, आणि चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातऱ्यांच्या चाळणीत शेवाळ अडकते. पेनेलोपी जेन्किन नावाच्या विदुषीने १९५७ साली या यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो आजही प्रमाण मानतात. लहान रोहिताची जीभ सेकंदाला वीसएक वेळा हलते. आपल्या गृहिणी पिठाची चाळणी फिरवितात त्या वेगाशी ताडून पाहा. एका पायावर उभे राहण्याचेही असेच. आपल्याला तो योगी वाटतो, तोल सांभाळत उभा आहेसे वाटते. २०१७ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी दाखविले, की त्याच्या पायाच्या सांध्यांची रचनाच अशी आहे की एका पायावर उभे राहण्यास स्नायूंना जवळजवळ काही करावे लागत नाही. मेलेला पक्षीदेखील एका पायावर नीट उभा राहिला. दोन पायांवर मात्र राहीना. म्हणजे आपण ज्याला तपश्चर्या म्हणतो ती त्याची विश्रांती आहे.

आता त्याच्या दिनक्रमाकडे येऊ. आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. आपला दिवस सूर्यावर चालतो, रोहिताचा चंद्रावर. ओहोटी लागली, चिखल उघडा पडू लागला की तो चरावयास उतरतो. भरती चढली, पाणी त्याच्या पायांच्या लांबीबाहेर गेले की त्याला उठावे लागते. मग रात्र असो की दिवस. रात्रीच्या ओहोटीतही हे पक्षी चरत असतात.

हे वेळापत्रक आमच्या कोळी बांधवांना शिकवावे लागत नाही. त्यांचा हिशेब साधा आहे: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, जे येईल ते भरतीचे तास. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी, आणि ओहोटी भर बाराला. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि चिखल उघडा पडणार उजाडताना आणि दिवेलागणीला. रोज पाऊण तासाने सारे पुढे सरकते. उधाणाच्या दिवसांत पाणी फार चढते आणि फार उतरते. मुंबईच्या किनाऱ्यावर हा फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. भांगाच्या दिवसांत पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उधाणाच्या ओहोटीला माहुलपासून दूरवर चिखलच चिखल, आणि रोहित इतके लांब जातात की नुसती गुलाबी रेघ दिसते. पाणी परतू लागले की ते पाण्याच्या कडेकडेने आपल्या बाजूला सरकत येतात. त्यांच्या मागेपुढे उत्तरेकडच्या दूर देशांतून आलेले चिखले, तुतवार असे लहान पक्षी धावत असतात. त्यांची संख्या मोठी आहे, पण गुलाबी नसल्यामुळे त्यांच्याकडे कोणी पाहत नाही.

मग भरतीच्या वेळी हे लाखभर पक्षी जातात कोठे? हा प्रश्न बहुतेक पाहुण्यांना सुचत नाही, कारण पाहुणा ओहोटीला येतो आणि छायाचित्र काढून घरी जातो. पक्ष्याला मात्र सहा तास काढावयाचे असतात. त्याला उथळ पाण्याची, कुत्र्यामाणसांपासून दूर अशी जागा लागते. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची डबकी, खाडीपलीकडे नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडची तळी, उरणजवळ पाणजे येथली पाणथळ जमीन, अशा जागी ते विसाव्यास जातात. चरण्याची जागा एक, विसाव्याची दुसरी, आणि दोहोंमध्ये दिवसातून दोनदा येरझार. माणसाच्या भाषेत सांगावयाचे तर माहुल ही त्यांची कचेरी आहे आणि नेरूळ-भांडुप ही घरे. उपनगरात राहणाऱ्यांना हे लगेच समजावे.

येथे ते अंडी घालत नाहीत. त्यांचे माहेर कच्छच्या रणात. तेथे पावसाने रण भरले की ओल्या मातीचे बुटके मनोरे चोचीने रचून प्रत्येक जोडपे त्यावर एकच अंडे घालते. नर आणि मादी पाळीपाळीने ते उबवितात, आणि पिल्लाला दोघेही आपल्या अन्ननलिकेत तयार होणारा लाल रंगाचा पातळ रस पाजतात. सालिम अली १९४५ साली ही वसाहत पाहावयास उंटावरून गेले होते. तेथल्या पक्ष्यांचा त्यांचा अंदाज पाच लाखांच्या घरातला होता. त्या वसाहतीला इंग्रजीतून रोहितांची नगरी असे नाव पडले. लहान रोहित हिंदुस्थानात वीण घालतो हे तर १९७४ पर्यंत सिद्ध झालेले नव्हते. ते सिद्ध केले सालिम अलींनीच, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. आपल्या वांद्र्याच्या या गृहस्थांची चिकाटी अशी होती.

२०२२ साली सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी ठाणे खाडीत सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळविणारी लहान यंत्रे बसविली. त्यांपैकी एकाला हुमायून अब्दुलाली या सोसायटीच्या जुन्या कार्यवाहांच्या स्मरणार्थ हुमायून असे नाव ठेवले होते. त्या वर्षीच्या पावसाळ्यात तो उठला तो गुजरातेत भावनगरच्या बाजूला उतरला. गुजरात आणि मुंबई यांची फाळणी या पक्ष्याने १९६० साली मान्य केलेली दिसत नाही! विनोद सोडा, पण यातून एक गंभीर गोष्ट निघते. ज्याचे माहेर एका राज्यात, कचेरी एका गावात आणि घर तिसऱ्या महापालिकेत, त्याचे रक्षण कोणी एकट्याने करू म्हटले तर होणार नाही.

आता येथे इतके रोहित जमले कशाने? उत्तर थोडे लाजिरवाणे आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई यांचे सांडपाणी खाडीत येते. त्या पाण्यात शेवाळाला लागणारे खत भरपूर. खाडीत गाळ साचत आहे, पात्र उथळ होत आहे, चिखलाचे पाट रुंदावत आहेत. शेवाळ वाढले, उथळ पाणी वाढले, आणि हे दोन्ही ज्याला हवे तो पक्षी आला. आपल्या घाणीवर हा गुलाबी मळा फुलला आहे, असे कोणी म्हटले तर मला खोडून काढता येणार नाही. परंतु याच चिखलात कारखान्यांनी सोडलेले जड धातूही आहेत, आणि वर तेलाची भीती. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एम. एस. सी. चित्रा आणि खलिजिया या दोन जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले. ते तिवरांच्या मुळांपर्यंत येऊन चिकटले. महिना ऑगस्टचा होता, पाहुणे गावी नव्हते. फेब्रुवारीत हे घडते तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

काही मित्र विचारतात, मग सांडपाणी शुद्ध करू नये काय? २०२२ साली मुंबईत ज्या सात शुद्धीकरण प्रकल्पांचे काम हाती घेण्यात आले त्यांत घाटकोपर आणि भांडुप हे खाडीकाठचेच आहेत. माझे उत्तर स्पष्ट आहे. पक्ष्यांसाठी खाडी घाण ठेवा, असे मी म्हणणार नाही. ते कोळ्यांच्या पोटावर मारणे होईल. याच खाडीत एके काळी चिंबोरी, निवटी, कोळंबी यांवर घरे चालत होती. माहुलच्या धक्क्यावर एक वयस्क कोळी मला म्हणाले, "पाहुणे आले की तुम्ही दुर्बीण घेऊन येता, आमचे मासे गेले तेव्हा कोणी आले नाही." हे उत्तर मी या सभेपुढे जसेच्या तसे ठेवतो. पाणी शुद्ध व्हावे, शेवाळ थोडे घटावे, त्याबरोबर पक्षीही थोडे घटतील, ते चालेल. पण पाणी शुद्ध झाल्यावर चिखलच भरून काढला, तिवरे तोडली, तळ्यांवर इमारती केल्या, तर ना मासा राहील ना पक्षी.

कायद्याने काही केले नाही असे नाही. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला आहे असे सांगितले. २०१२ साली राज्य शासनाने कांदळवन कक्ष स्थापिला. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर, ऐरोली आणि वाशी या दोन पुलांच्या दरम्यान, सुमारे १,६९० हेक्टरांचे रोहित अभयारण्य जाहीर झाले. मालवणनंतरचे हे राज्याचे दुसरे सागरी अभयारण्य. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर स्थळ म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. हे सारे स्वागतार्ह आहे आणि ज्यांनी त्यासाठी खटपट केली त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत.

पण आपण आताच पाहिलेला दिनक्रम डोळ्यांपुढे ठेवून या अभयारण्याकडे पाहा. माहुल-शिवडीचा चिखल, जेथे हा मेळा प्रथम लोकांच्या नजरेत भरला, तो अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे. त्याच चिखलावरून शिवडी ते न्हावा-शेवा हा सागरी सेतू गेला. १२ जानेवारी २०२४ रोजी तो अटल सेतू या नावाने खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर. शिवडीच्या बाजूस त्यावर आवाज अडविणारे आडोसे बसविले आहेत. तरी पूर्वीसारखे थवे शिवडीच्या धक्क्यावरून दिसत नाहीत, ही पक्षीनिरीक्षकांची तक्रार काम चालू असतानाच सुरू झाली होती. आणि भरतीच्या विसाव्याची बहुतेक तळी तर हद्दीच्या बाहेरच, दुसऱ्या काठाला. म्हणजे कायद्याने पक्ष्याच्या ओहोटीच्या आयुष्याला, तेही अर्धवट, संरक्षण दिले. भरतीचे आयुष्य उघड्यावर ठेवले. एखाद्या माणसाला कचेरीत पहारा द्यावा आणि त्याचे घर कोणीही पाडावे, असा हा प्रकार.

नेरूळच्या तळ्याची हकीकत पाहा. ३० एकरांच्या आसपासचे हे तळे. भरतीचे पाणी आत येण्याचा मार्ग बुजल्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात ते सुकले. पक्षी नेहमीप्रमाणे आले, पाणी नाही, आसपास दिव्यांचा झगमगाट; भांबावून रस्त्यांकडे गेले. काही मेले. नागरिक रस्त्यावर उतरले, वर्तमानपत्रांनी लिहिले, आणि पुढे २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने ते तळे संवर्धन राखीव करण्यास संमती दिली. तळ्यात पाणी येण्यासाठी एक नळ मोकळा करावयाचा होता. त्यासाठी पक्षी मरावे लागले.

आणि त्याच वर्षीची दुसरी घटना तर आपल्या उपनगरातलीच आहे. २० मे २०२४, सोमवार. रात्री पावणेनऊच्या सुमारास दुबईहून येणारे प्रवासी विमान मुंबईस उतरत असता घाटकोपरवर रोहितांच्या थव्यात घुसले. विमान सुखरूप उतरले, माणसे वाचली. पंतनगर-लक्ष्मीनगर भागात घरांवर आणि रस्त्यांवर मेलेले पक्षी पडले. त्यांची मोजदाद चाळिसाच्या घरात गेली. मी त्या दिवसाचे पंचांग काढून पाहिले. सूर्योदयाला वैशाख शुद्ध द्वादशी होती, संध्याकाळी त्रयोदशी लागलेली. कोळ्यांचा हिशेब लावा: बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ, त्रयोदशी धरली तर पावणेदहा. म्हणजे भरती चढत होती, उधाणाचे दिवस जवळ आले होते, चिखल बुडत होता, आणि चरणाऱ्या पक्ष्यांना उठण्याची वेळ झालेली होती. उठलेला थवा घाटकोपरवरून का गेला, याविषयी मतभेद आहेत. कोणी खाडीतून नेलेल्या विजेच्या तारांकडे बोट दाखविले, कोणी सुकलेल्या तळ्यांकडे, कोणी दिव्यांकडे. एकच कारण असेल असे मला वाटत नाही आणि पंचांगाने ते सिद्धही होत नाही. पण पंचांग इतके सांगते, की त्या वेळी त्या पक्ष्यांना कोठेतरी जावयाचेच होते. जाण्याच्या जागा आपण एकेक करून कमी करीत असलो, तर ते आपल्या डोक्यावरून आणि विमानांच्या वाटेवरून भटकणार, आणि मग प्रश्न पक्ष्यांपुरता राहणार नाही. विमानात तीनएकशे माणसे बसतात.

मघाशी मी माहुलच्या हवेचा विषय बाजूला ठेवला होता. तो टाळून पुढे गेलो तर या गावाशी अप्रामाणिकपणा होईल. तानसा जलवाहिनीच्या कडेला राहणाऱ्या हजारो कुटुंबांची घरे पाडून त्यांना माहुलच्या वसाहतीत पाठविण्यात आले. डिसेंबर २०१५ मध्येच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने माहुल-आंबापाडा येथील हवेने रहिवाशांच्या प्रकृतीस धोका असल्याचे म्हटले होते. लोक आजारी पडले, भांडले, धरणे धरून बसले. २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितले, की यांना दुसरीकडे घरे द्या, नाही तर दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्या. आता या लोकांपैकी कोणी उठून मला विचारले, की आम्ही येथे श्वास घेऊ शकत नाही आणि तुम्ही पक्ष्यांच्या विसाव्याची चिंता करता, तर मी काय सांगावे?

मी एवढेच सांगेन, की हे दोन तंटे नाहीत. ज्या हिशेबाने चिखल पडीक ठरला त्याच हिशेबाने माहुलही पडीक ठरले: दुसरीकडे जे नको ते येथे आणून टाका. आधी कारखाने, मग सांडपाणी, मग तेलाची गळती, मग घरे मोडलेली माणसे. रोहित आपणहून आला, ती कुटुंबे आणली गेली, हा फरक मोठा आहे. पक्ष्याला हवा मानवली नाही तर तो उठून भावनगरला जाऊ शकतो. तानसाकाठच्या माणसाला तेवढीही सोय नव्हती. म्हणूनच या गावाची हवा स्वच्छ करा आणि चिखलाला हात लावू नका, या दोन्ही मागण्या एकाच अर्जात लिहिल्या पाहिजेत असे मला वाटते. तो अर्ज लिहिण्यास माहुलच्या कोळ्यांइतका जाणता माणूस दुसरा मिळणार नाही. भरतीची वेळ बोटांवर मोजणाऱ्याला पक्षी कधी कोठे असेल हे कोणत्याही खात्यापेक्षा आधी कळते. विसाव्याच्या तळ्यांत पाणी शिरते की नाही, मार्ग बुजला की काय, यावर नजर ठेवण्याचे काम अशा माणसांकडे रीतसर, पगार देऊन सोपवावे. त्याला फार मोठा खर्च येणार नाही.

माझी वेळ संपत आली आहे. ज्यांना प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी शेवटी थोडी माहिती देतो. पाऊस सुरू होण्यापूर्वी जी अष्टमी येईल त्या दिवशी ओहोटी बाराच्या सुमारास असेल. बाराला येऊ नका. ऊन लागेल आणि पक्षी लांब असतील. तीन-साडेतीनला यावे. पाणी चढू लागलेले असते आणि थवे किनाऱ्याकडे सरकत असतात. पांढरे कपडे नकोत, कुत्रे बरोबर नको, आणि यंत्राचे खेळणे आकाशात उडविणाऱ्या तरुणांनी ते घरी ठेवावे. त्याच्या आवाजाने अख्खा थवा चरणे सोडून उठतो. साडेचार-पाचच्या सुमारास पाणी त्यांच्या पोटाला लागले की पुढची रांग प्रथम मान ताठ करते, मग मागची, आणि मग सगळे नेरूळच्या दिशेने उठतात.